पाच वेळा जुनाच पासवर्ड

तिची नि त्याची पहिली भेट टेबलाखाली झाली. ती पडलेलं पेन शोधायला वाकली, तर तिथे वायर जोडत बसलेल्या नेटवर्कवाल्याने ते तिच्या हातात ठेवलं. दोघं असे दचकले की दोघांचीही डोकी टेबलाला आपटली.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतला तिचा संगणक तेव्हा बिघडला होता. दोन दिवस त्याने तिला स्वतःचा लॅपटॉप दिला. पुढच्या आठवड्यात तिने नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला आणि तिचं खातं रोज सकाळी बंद पडू लागलं. रोज तो यायचा, खातं सुरू करायचा… आणि काम संपलं तरी रेंगाळायचा. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणायच्या, दुखणं काही संगणकाचं दिसत नाही.

चौथ्या दिवशी साहेब भडकले. तपासणीचे अहवाल अडकले होते. चूक कोणाची, ते आजच्या आज लेखी द्या, असं तिला बजावून गेले.

तो आला. कुठलं तरी यंत्र अजून तुमचा जुनाच पासवर्ड पाठवतंय, म्हणाला. पाच वेळा चुकला की खातं बंद होतं. त्याने नोंदी उघडल्या. ती त्याच्या खांद्यावरून वाचू लागली. नऊ वाजून चार मिनिटं. पाच चुकीचे प्रयत्न. पुढे यंत्राचं नाव…

तो पांढराफटक पडला. तिने ते नाव पुन्हा वाचलं.

"हा तर… तुमचा लॅपटॉप."

"आईशप्पथ, मला माहीत नव्हतं."

त्याने लॅपटॉप उघडला. तिने त्या दोन दिवसांत जोडलेला, सर्व्हरवरचा तिचा फोल्डर त्यात तसाच होता आणि रोज सकाळी जुन्याच पासवर्डने आपोआप उघडू पाहत होता.

"काम झालं की फोल्डर काढा, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

"काढणार होतो… पण त्यावर तुमचं नाव होतं. सकाळी उघडलं की आधी तेच दिसायचं—" त्याने मान खाली घातली. "लिहा माझं नाव. चूक माझीच."

कागद ओढून तिने त्याचं नाव लिहिलं. त्याखाली स्वतःचं.

"तुमचं कशाला?"

"पासवर्ड लक्षात ठेव, असं लॅपटॉपला मीच सांगितलं होतं. जे घडलं ते घडलं तसंच लिहायचं."

त्याने फोल्डर काढला. बोट मात्र जरा अडखळलंच.

"आता तुमचं नाव कुठे बघायचं?"

"नाव कशाला… माणूस बघा की."

आणि हे आपण बोललो, हे कळून ती त्याच्याहूनही जास्त हादरली.