चौथ्या खेपेची नळी

पहिल्यांदा एल्दियार कोचकोर गावातल्या एका गॅरेजात आला, तो निव्वळ योगायोग होता. त्याची जुनी मॉस्कविच गाडी सपाट रस्त्यावरही मरगळली होती. बॉनेटखालून डोकं बाहेर काढणाऱ्या बुरुलला त्यानं विचारलं, "उस्ताद कुठंयत?"

"समोरच उभी आहे," ती म्हणाली.

तिनं त्याला वीतभर रबरी नळी दाखवली. कार्बुरेटर त्या नळीतून हवा ओढतो, ओढीनं नळीच्या दुसऱ्या टोकाचा पडदा सरकतो आणि गाडी निवांत पळताना ठिणगी जरा आधी पडते. नळी चिरली की ठिणगीला उशीर, मग गाडी रेंगाळते नि पेट्रोल ढोसते. तिनं नवी नळी बसवली. तो नळीपेक्षा तिच्या गालावरचा काळा डागच जास्त बघत होता...

पुढच्या पंधरा दिवसांत तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा नळी निसटलेली! नवी नळी आपोआप निसटत नाही, हे बुरुलला पक्कं ठाऊक होतं. तरी दरवेळी ती नळी मुकाट परत बसवून द्यायची. तिलाही त्याची वाट बघायची सवय लागली होती, आणि त्या सवयीचा तिला रागही येत होता.

चौथ्यांदा मागच्या सीटवर त्याची आई होती. मांडीवर रुमालात बांधलेली कर्णफुलं. डोलोन घाटापलीकडे नारिनला तिनं त्याच्यासाठी एक मुलगी बघून ठेवली होती. तिची हरकत नसेल तर तिच्या कानात ती घालायची, की सोयरीक पक्की.

"घाट चढायची नाही बहुतेक ही," एल्दियार आईला ऐकू जाईल असं म्हणाला.

बुरुलनं बॉनेट उचललं. नळी काढून तिच्या तोंडात काडेपेटीची काडी खोचलेली. बुरुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळी जागेवर बसवून तिनं काडी त्याच्या तळहातावर ठेवली.

"गाडी ठणठणीत आहे. माझ्या कामावर खापर फोडू नकोस. नाही म्हणायचं तर तोंडानं म्हण. नाहीतर जा नारिनला."

त्यानं काडी मुठीत आवळली. मग तो आईकडे वळला. "आपा, मी नाही येत. मला... मला ही आवडते."

आईनं बुरुलला नखशिखान्त न्याहाळलं. "ही? हात बघ हिचे."

"हात बघूनच आवडली."

आई हसू दाबत खाली उतरली, कर्णफुलं हिच्याच कानात घालायला रुमालाची गाठ सोडू लागली. बुरुल एक पाऊल मागे सरली.

"थांबा, आपा. गाडीचं याला मी चारदा विचारलं. मला यानं एकदाही विचारलेलं नाही."

आईनं गाठ परत आवळली नि लेकाला कोपरानं ढोसलं. "विचार की, मेल्या."

त्यानं विचारलं— अडखळत, कानापर्यंत लाल होत. बुरुलनं चिंधीला हात पुसले.

"उद्या ये," ती म्हणाली. "नळी जागेवर ठेवून. आणि आपांना घेऊन ये... त्या रुमालासकट."