शाल्मलीची पंचवीस मते गेली कुठे?

"गणकू, तू मोजायला चुकलास!" शाल्मली तणतणत मतमोजणीच्या खोलीत शिरली.

मंगळावरच्या त्या वसाहतीत पाच घुमट होते. प्रत्येकात वीस मुले. प्रत्येक घुमटातून मुलांच्या पंचायतीवर एक जण निवडून जाई. शाल्मलीच्या झाडपक्षाला प्रत्येक घुमटात पाच मते पडली होती, म्हणजे शंभरातली पंचवीस. जागांचा मात्र भोपळा! तीन खेळपक्षाला, दोन यंत्रपक्षाला. आता संध्याकाळी खेळपक्ष मैदानासाठी वसाहतीतले एकुलते एक जांभळाचे झाड उपटणार होता. शाल्मलीने ते बीपासून वाढवले होते.

"मोजणी बरोबर आहे," यंत्रमानव गणकू शांतपणे म्हणाला. "घुमटात सर्वांत जास्त मतं ज्याची, जागा त्याची. बहुमत (निम्म्याहून जास्त मते) लागतच नाही. आठ मतांचा जिंकतो, सात आणि पाच मतांचे हात हलवत घरी जातात. तुझी बरीच माणसं एकाच घुमटात राहत असती, तर एक जागा नक्की मिळाली असती."

"मतं तेवढीच, पण राहायची जागा बदलली की निकाल बदलतो? माझं डोकंच चालेनासं झालंय!"

तिचा मित्र निनाद दारात उभा होता. खाली मान घालून तो म्हणाला, "मी यंत्रपक्षाला मत दिलं गं."

"तू? रोज झाडाला पाणी घालणारा तू?"

"तुझा पक्ष येणार नव्हताच. मत वाया गेलं असतं. खेळपक्ष नको, म्हणून..."

शाल्मलीला रडूच कोसळले.

"अशा नियमात बहुधा दोनच मोठे पक्ष उरतात," गणकू म्हणाला. "लहान पक्ष हरणार, म्हणून लोक त्याला मत देत नाहीत. देत नाहीत, म्हणून तो हरतो. दुसरी रीत आहे, प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात जागा). तीत त्या दोन्ही पक्षांना दोन-दोन जागा आणि तुला एक."

"मग बहुमत कुणाचं?"

"कुणाचंच नाही. एकमेकांची मनधरणी करत बसावं लागेल. भांडणंही होतील."

"मग चांगली रीत कुठली?"

"ते मला मोजता येत नाही."

संध्याकाळी सगळी मुले झाडाभोवती जमली. शाल्मलीने डोळे पुसून विचारले, "पक्ष राहू दे बाजूला. झाड कुणाला हवंय?"

हात वर होऊ लागले. गणकू मोजत मोजत साठाच्या पुढे गेला.

"मग झाडाला मतं का नाही दिलीत?" खेळपक्षाची पुढारी मृण्मयी फावडे हातात धरून गोंधळून गेली. तिने फावडे खाली ठेवले. "पुढच्या निवडणुकीआधी रीत ठरवू. तोवर झाड राहू दे, मैदान वाकडं झालं तरी चालेल."

निनादने मुकाट्याने पाण्याची बादली उचलली.