हाताआधी वाजणारा डबा

घाटंजीहून तांड्यावर जाणाऱ्या रस्त्याला विजेचे जेवढे खांब आहेत, त्यातल्या बहुतेकांवर भावसिंग राठोड कधी ना कधी चढलेला आहे. लाइनमन म्हणून रिटायर झाला, ऑफिसनं शाल-नारळ दिलं, आणि घरी आल्या आल्या या माणसानं पहिलं काम केलं ते बायकोचं शिलाई मशीन खोलायचं. मशीन बंद पडलेलं होतं हे खरं, पण म्हणून काय कोणी न विचारता त्याला हात लावतो? रामीबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. तेव्हा तिला बोलता येत होतं, त्यामुळे तिचं न बोलणं भावसिंगला चांगलंच झोंबलं.

मशीनच्या लोखंडी पायांवर त्यानं सागाची फळी बसवली, फळीवर तारा ताणल्या, आणि सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावून खालचं पायडल तारांना जोडलं. झाली स्टील गिटार. साधी स्टील गिटार तो तरुणपणी यवतमाळच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. पायडलवाली त्यानं मोबाइलवर पाहिली आणि डोक्यात घेतली. वाद्य समोर आडवं ठेवायचं, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हातानं छेडायचं. पायडल दाबलं की तार ओढली जाते आणि सूर घसरत वर चढतो, रडताना माणसाचा गळा चढतो तसा.

आता या म्हाताऱ्याच्या खेळण्यावर एका लग्नाचा भार येऊन पडला होता.

बंजाऱ्यांची पोरगी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. रडणंही तेच आणि गाणंही तेच. आई, बाप, भाऊ, विहीर, गाईचं वासरू, सगळ्यांची नावं घेऊन निरोप घ्यायचा. तांड्यातल्या पोरींना तो रामीबाई शिकवायची. तिच्या ढावलोत बापाच्या नावापाशी एक वळण होतं, तिच्या माहेरच्या तांड्याचं. सूर आधी खाली जायचा, क्षणभर थांबायचा आणि मग वर यायचा. त्या थांबण्यात मांडवातले बापे डोळे पुसायला लागायचे.

दोन वर्षांमागं रामीबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला रुमाल बांधून ती पहिल्यासारखीच सगळी कामं करायची, भावसिंगला डोळ्यांनी रागवायची, आणि फारच चुकला तर बोटाच्या पेरानं जवळच्या लाकडावर टक-टक करायची. म्हणजे, थांब, चुकलं.

नात रंजिताचं लग्न ठरलं तसं तिनं सांगून टाकलं, "दादीचा ढावलो नाही तर मी गाडीत बसणार नाही. सांगून ठेवते."

रामीबाई उठून आत गेली. कापसाच्या खोलीत जाऊन ती बराच वेळ बाहेरच आली नाही. तेव्हा भावसिंग म्हणाला, "मी वाजवतो. तिच्या गळ्यासारखा वाजवतो."

वाजवतो म्हणणं सोपं होतं. पण तारेचा आवाज मांडवभर न्यायचा तर अ‍ॅम्प पाहिजे, आणि तिथंच गाडी अडली. मुलगा जीवन, रंजिताचा बाप, त्याला यवतमाळच्या दुकानात घेऊन गेला. तिथला गिटारचा अ‍ॅम्प दिसायला झकास होता, पण सूर लांबवला की फाटायचा. "हा तर भांडून राह्यला," भावसिंग म्हणाला. मग तांड्यातल्या सोनूच्या डीजेचे खोके आणून पाहिले. छातीत धडधड झाली, फळीवरची भांडी हलली, आणि तार कुठं गेली त्याचा पत्ता नाही. रंजितानं आजोबाला विचारलं, "दादा, ढावलो वाजवायचा का वरात काढायची?" भजनीमंडळाचा अ‍ॅम्प स्वच्छ होता, पण एकदम कोरडा. स्टीलला अ‍ॅम्पची ताकद मोठ्यानं वाजायला लागत नाही, हळू वाजताना न तुटायला लागते. हे भावसिंग सगळ्यांना समजावून सांगायचा आणि सगळे मान हलवायचे.

शेवटी त्याला बाभुळगावचे वामनराव आठवले. ऑर्केस्ट्रा त्यांचाच होता. आता ते पूर्ण शेतीत होते, तूर काढून झाली होती, आणि ओसरीत बसून ते सुपारी कातरत होते.

"आहे एक डबा," वामनराव म्हणाले. "तुम्ही सोडून गेल्यावर आणलता. न्या."

कोठीत पोत्यांमागं तो सापडला. सागाची पेटी, पुढं मोठा स्पीकर, कंपनीचं नाव कुठंच नाही. भावसिंगनं मागची पट्टी काढून आत पाहिलं. वायरिंग हातानं केलेलं आणि इतकं नीट की त्याला बनवणाऱ्याचं कौतुक वाटलं.

"चांगला वाजते?"

"गोड वाजते," वामनराव म्हणाले. मग अडकित्ता थांबवून म्हणाले, "आमचा बेंजोवाला त्याच्यावर वाजवत नव्हता पण. म्हणे, हा माह्यासाठी थांबत नाही."

"थांबत नाही म्हणजे काय?"

"त्यालेच माहीत. वारला तो."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी इंदूबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न झालं की आणून द्याजा, भाऊ. आणि आपण वाजवत नसलो की बंद करून ठेवाजा."

घरी येऊन भावसिंगनं डबा लावला, कांडी तारेवर ठेवली, छेडली. आणि रामीबाई चुलीपुढून उठून आली.

तिचाच गळा होता तो. अगदी तिचा नाही म्हणा, तार ती तार. पण सूर कुठंही न तुटता चढला, आणि चढताना त्यात तो किंचितसा खरखरीत ओलावा होता, जो फक्त तिच्या आवाजात असायचा. रामीबाईनं हात तोंडावर ठेवला. भावसिंगला इतकं बरं वाटलं की त्यानं तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवला, शेवटी रंजिता म्हणाली, दादा पुरे.

खटकायला लागलं दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. हात घाई करतो आहे असं त्याला वाटायचं. वय झालं, बोटांवर ताबा राहिला नाही, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग लक्षात आलं की हात बरोबर होता. सूर आधी येत होता. पापणी लवायला लागते तेवढाच, पण आधी.

भावसिंगनं उभा जन्म विजेत काढला होता. बटण दाबलं की दिवा लागतो, दाबायच्या आधी लागत नाही. त्यानं वायर बदलली, अर्थिंग तपासलं, तारांखालचं, आवाज उचलणारं पिकअप खोलून पुन्हा बसवलं. घरातला पंखाही बंद केला. वायर उपटली की डबा मुका. वायर जोडली की पुन्हा तेच. शेवटी त्यानं रामीबाईला समोर बसवलं. "रामी, तुझा कान पक्का आहे. ऐकून पाय जरा."

तिनं डोळे मिटून ऐकलं. मग डब्याकडे बोट दाखवलं आणि एक बोट वर केलं. नंतर त्याच्याकडे दाखवून दुसरं.

"माह्यापेक्षा हुशार निघाला म्हणजे," भावसिंग म्हणाला. ती हसली. तोही हसला, जरा उशिरानं.

परत द्यावा असं त्याच्या मनात आलं होतं. पण बापाच्या नावापाशी त्याची गाडी नेहमी घसरायची. तो सूर सरळ वर न्यायचा आणि रामीबाई टक-टक करायची. एका सकाळी डब्यातून ते वळण नेमकं आलं, खाली, थांबा, वर, आणि त्याचा हात त्यामागं गेला. रामीबाईनं टक-टक केली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग कसला परत देतो तो.

त्याच दिवसांत कधीतरी रामीबाईनं गमतीनं एक तार छेडली होती. जुन्या बायांसारखी ती अजून हातभर चुडा घालायची. बांगड्या तारांवर आपटल्या आणि डब्यातून असा खळखळाट झाला की रंजिता पोट धरून हसली. "दादी, तू वाजवशील तर बांगड्याच ऐकू येतील."

"काढून ठेव त्या," भावसिंग बोलून गेला.

चुडा उतरतो तो नवरा गेल्यावर. असं कोणी स्वतःच्या तोंडानं म्हणतं का? रामीबाईनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली लागेल अशी. त्यानं कान पकडले. ती दिवसभर फुगून बसली, आणि संध्याकाळी त्याच्या भाकरीवर नेहमीपेक्षा जास्त लोणी घातलं.

लग्नापर्यंत डबा पुढं पुढं सरकत गेला. आधी पापणीएवढा, मग श्वासभर, मग अर्धी ओळ. भावसिंग त्याबद्दल कोणाशी बोलला नाही. वाट दाखवणाऱ्यामागं चालावं तसा तो डब्यामागून वाजवायला शिकला.

निरोपाची वेळ सकाळची होती. रस्त्याकडेचे पळस फुलले होते, गाडी सजून उभी होती, सोनूचा डीजे बंद केला होता. रंजिता दादीच्या गळ्यात पडली आणि भावसिंगनं कांडी उचलली. तारेला ती लागायच्या आतच डब्यातून ढावलो सुरू झाला.

रामीबाईनं नातीला छातीशी धरलं आणि तोंड उघडलं. ओठ हलत होते आणि मांडवभर आवाज येत होता. तांड्यातल्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. बापाचं नाव आलं, सूर खाली गेला, थांबला, आणि जीवन, जो सकाळपासून जेवणाच्या पंगतींवर ओरडत फिरत होता, तो मांडवाच्या खांबाला धरून लहान पोरासारखा रडला. रंजिता दादीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

इतकं सुख भावसिंगला आयुष्यात दुसऱ्या कशानं झालं नव्हतं.

डबा सोमवारी बाभुळगावला न्यायचं ठरलं. पाहुणे पांगले, जीवन मंडपवाल्याबरोबर गेला. दिवेलागणीला भावसिंग एकटाच खोलीत बाजेवर टेकला होता. त्यानं डबा चालू केला. वाजवायचं नव्हतं, उगाच. त्या लाल दिव्याकडे पाहत जरा बसावं म्हणून. कांडी फडक्यात गुंडाळलेली होती. गिटार पलीकडे भिंतीपाशी, वायर तशीच जोडलेली.

डब्यातून एक सूर आला.

मग तोच सूर पुन्हा. चाचपडत. नवशिक्या हाताचा.

भावसिंगनं तारांकडे पाहिलं. तारा हलत नव्हत्या.

ढावलोची पहिली ओळ आली, अडखळत, मध्ये मध्ये थांबत. बापाच्या नावापाशी सूर सरळ वर गेला. चुकला.

टक-टक. लाकडावर, बोटाच्या पेरानं.

मग वळण. खाली, थांबा, वर. बरोबर.

त्यानं दारातून बाहेर पाहिलं. रामीबाई अंगणात पातेली गोळा करत होती. तिचा हात हलला की बांगड्या वाजत होत्या, इथपर्यंत ऐकू येत होत्या.

डब्यातला हात वाजवत राहिला. एका तारेवरून दुसरीवर, वर, खाली. एवढा हात हलत होता आणि बांगडी एकदाही वाजली नाही.

भावसिंगनं ढावलो शेवटपर्यंत ऐकला. मग उठून डबा बंद केला.

सकाळी त्यानं वामनरावांना फोन लावला. "थोडे दिवस राहू द्या म्हणतो."

पलीकडून फोन इंदूबाईंनी घेतला. "बंद ठेवता ना?"

"हो वहिनी."

"काही ऐकलं का?"

"नाही."

त्या म्हणाल्या, "ठेवा मग."

दुपारची कामं उरकल्यावर त्यानं रामीबाईला हाक मारली. "ये, रामी. बैस इथं. तुले शिकवतो."

कायले? तिनं हातानं विचारलं.

"मले ऐकावंसं वाटते. मी वाजवलं की माह्या ध्यानात चुकाच येतात. तू वाजव, मी ऐकतो."

तिनं नाक मुरडलं, पण बसली. पाय आपसूक पायडलवर गेला. ते तिचंच होतं, पायाला ओळखीचं. भावसिंगनं कांडी तिच्या डाव्या हातात दिली, बोटं धरून नीट केली, आणि डब्याचं बटण दाबलं. मग मागं सरून, डब्यातून बांगड्या येतात का म्हणून कान लावून, बाजेवर बसला.

पहिला सूर. मग तोच पुन्हा. रामीबाई जीभ दातांत धरून वाजवत होती, सुईत दोरा ओवताना धरायची तशी. पहिली ओळ आली, अडखळत. बापाच्या नावापाशी तिचा हात सरळ वर गेला आणि ती स्वतःवरच चिडली. फळीवर टक-टक केलं, आणि वळण घेतलं. मग मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, कसं आहे?

"चांगलं जमून राह्यलं," भावसिंग म्हणाला. "अजून एकदा वाजव."

तिनं पुन्हा सुरुवात केली. कोपरापर्यंतचा चुडा तारांवर आपटत होता, फळीवर आपटत होता, खोलीभर खळखळत होता. डब्यातून नुसती तार वाजत होती.