नेपियर टाउनचा समुद्र

"भैया, एक टन वज़न उठा ले, ऐसा स्टैंड चाहिए. घर के अंदर. हॉल में."

गोहलपुरातल्या लोखंडाच्या दुकानात अशी मागणी रोज येत नाही. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, समोरच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि विचारलं, "हॉल में क्या रखोगे साहब, हाथी?"

बाजूला चौकोनी पाइप निवडत उभी असलेली दुर्वा फिसकन हसली.

"हिला हसायला काय झालं?" तो माणूस स्वतःशीच पुटपुटला. चक्क मराठीत!

"हिला मराठी समजते बरं का," दुर्वा म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. गोऱ्या माणसांचं हे एक बरं असतं, काही लपवता येत नाही.

"माफ करा. इथे कुणाला मराठी कळेल असं..."

"आमच्या आजोबांपासून जबलपुरात आहो आम्ही. मूळचे अमरावतीकडचे. अन् स्टँड मीच बनवते. पण हाथी कोणता, ते तर सांगा."

"समुद्र," तो म्हणाला.

वडिलांच्या, पुंडलिकरावांच्या वर्कशॉपमध्ये गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनत. डिप्लोमा झाल्यावर दुर्वाने त्यातलाच एक कोपरा बळकावला होता आणि तिथे ती कुणी न केलेली कामं करत असे. नवलाचं काही ऐकलं की तिला राहवत नसे. तिने पाइप तिथेच ठेवले आणि पत्ता विचारला.

त्याचं नाव गौरांग. गाव वेंगुर्ला, नोकरी बँकेत, मुक्काम नेपियर टाउनमधल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. हॉलमध्ये एक खुर्ची, एक सतरंजी आणि भिंतीला टेकवलेली माणसाहून लांब काचेची टाकी. शेजारच्या टबात खडबडीत दगड बुडवून ठेवले होते आणि त्यांवर पंपाने पाणी खेळवलं जात होतं.

"या दगडांना जिवंत दगड म्हणतात," तो म्हणाला. "यांच्यात बारीक बारीक जीव असतात. मासे नंतर. आधी यांचं बस्तान बसायला हवं."

"अन् पाणी? नर्मदेचं टाका ना. एवढी मोठी नदी आहे जवळ."

"गोडं पाणी चालत नाही. मीठ कालवावं लागतं, अगदी मापात."

दुर्वाने त्याच्याकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, आणि बोट बुडवून सरळ जिभेवर ठेवलं.

"अरे! खारट आहे की!"

"समुद्र कधी पाहिला नाही का तुम्ही?"

"नाही. कसा असतो?"

तो सांगायला गेला आणि अडला. हात पसरले, परत मिटले. "म्हणजे... असा... संपतच नाही," एवढंच म्हणाला. दुर्वाला त्याचं ते अडणं फार आवडलं. का आवडलं, हे तिने त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

टेप काढता काढता तिने दुसरंच विचारलं. "बँकवाले ना तुम्ही? बदली होईल तेव्हा?"

"घराजवळची मागितली आहे. दोन वर्षं झाली. मिळेलही कदाचित."

"मग हे टनभराचं लफडं काहून करून राहिले?"

"तोवर समुद्राशिवाय करमत नाही म्हणून," तो हसून म्हणाला, आणि दुर्वाच्या हातातली टेप सटकन परत गुंडाळली गेली. ओळख होऊन तासही झाला नव्हता. जाईना का मेला कुठेही! पण नाही... तिला वाईट वाटलं ते वाटलंच.

जुन्या घरांच्या फरशीला उतार असतो, धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून. टाकी मात्र सरळच बसायला हवी, नाहीतर एका बाजूच्या काचेवर जोर येऊन सांधा सुटायचा. म्हणून दुर्वाने पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथे भिंतीवर खूण करायची, आणि त्या हिशेबाने स्टँडचा एकेक पाय कापायचा.

"हलू नका. पाणी शांत होऊ द्या," ती खिडकीपाशी उभी राहून म्हणाली.

"हललो नाही."

"श्वास पण हळू घ्या."

"तो काही माझ्या हातात नाही, दुर्वाजी."

हॉलच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो, मधे नळीतलं डुचमळणारं पाणी. माघातलं कोवळं ऊन फरशीवर आलं होतं. ते पाणी थांबायला किती वेळ लागला कोण जाणे, दोघांनाही घाई नव्हती. "करा खूण," ती म्हणाली, आणि त्याने पेन्सिल टेकवली.

मग स्टँड बनू लागला. खरं तर आठवड्याचं काम, पण दुर्वाला प्रश्नच फार पडत. रंग कोणता? मिठाने गंजू नये म्हणून किती थर? पंपाला खाली जागा किती? यातलं अर्धंअधिक फोनवर विचारता आलं असतं, पण ती स्कूटी काढून नेपियर टाउनला जायची. तोही काही कमी नव्हता. दुपारच्या सुट्टीत गोहलपुरात यायचा आणि तिच्या वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे पाहत उभा राहायचा.

"डोळे खराब करून घ्याल साहेब," ती तोंडावरची काळी काच वर करून म्हणायची.

"मग तुम्ही काच वर करूनच बोलत जा. म्हणजे ठिणग्यांकडे पाहावं लागणार नाही."

पुंडलिकराव जोराने खोकायचे. ती लगेच काच खाली ओढायची.

रात्री अंथरुणावर मात्र तिचा जीव थाऱ्यावर नसे. हा माणूस जाणार. आज ना उद्या त्याची बदली येणार, आणि खरा समुद्र दाराशी असताना काचेतल्यासाठी कोण थांबतं? पण मग तो रोज काहून येऊन राहिला? विचारावं तर हसेल. न विचारावं तर झोप नाही.

शनिवारी स्टँड बसवला. चार मजुरांनी टाकी वर ठेवली आणि ते गेले. गौरांगने पाइप सोडला, पाणी चढू लागलं. दोघं फरशीवर बसून पाहत होते.

"बदलीचा आदेश आला," तो म्हणाला.

"अच्छा," दुर्वा म्हणाली. टाकीच्या काचेवर ती नजर खिळवून बसली आणि तेवढ्यात तिला दिसलं... पाण्याची रेघ तिरपी होती. उजवीकडे बोटभर वर.

"बंद करा! पाणी बंद करा आधी!"

त्याने धावत जाऊन नळ बंद केला. तिने गुडघ्यावर बसून चारही पाय चाचपले, खुणा पाहिल्या, परत पाहिल्या. काम चुकलं होतं. तिचं काम! डोळ्यांत पाणी आलं ते नक्की कशाचं, तिचं तिलाच कळेना.

"मी पाय नवीन करून देते. तुम्ही जायच्या आधी. तसं आता... जाणारच आहात तर उपयोग काय म्हणा..."

"मी जाणार असं कधी म्हणालो? आदेश आला म्हणालो."

ती तशीच गुडघ्यावर थांबली.

"काल साहेबांना सांगितलं, मला नको. इथेच राहू द्या."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही 'जा' म्हणाला असता."

"म्हटलंच असतं! दोन वर्षं मागून राहिले होते अन्..."

"आणि चूक तुमची नाही," तो मधेच म्हणाला. कान पुन्हा लाल. "ती खूण मी केली होती. तुम्ही 'करा' म्हणालात तेव्हा मी नळीकडे पाहतच नव्हतो."

स्टँडच्या पायावरचा हात काढून दुर्वा त्याच्याकडे वळली.

"मग कुठे पाहून राहिले होते?"

"खिडकीत. ऊन पडलं होतं ना... तुमच्यावर."

दुर्वाला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिने आधी नाक पुसलं.

"नळीची टोकं अदलाबदल करून पुन्हा मोजायचं असते," ती म्हणाली. "बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलं हे मला. मी आजवर कधी विसरली नाही. त्या दिवशीच विसरली. काहून, सांगू?"

"सांगा."

"मी पण नळीकडे पाहत नव्हती."

तो तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला. हात धरावा की नाही, याचा त्याला पेच पडला, तेव्हा तिनेच धरला.

"मला तुम्ही आवडता, दुर्वा. फार."

"मलाही. पण माझं वर्कशॉप सोडून मी कुठे येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"म्हणून तर 'नको' म्हटलं. सुट्टीत जाऊ वेंगुर्ल्याला, दोघं. तिथला समुद्र कुठे पळून जातो?"

तिने ओढणीला हात पुसले आणि आईला फोन लावला.

"आई, आज जेवायला एक माणूस जास्त आहे."

"कोण येऊन राहिलं?" कुमुदताईंचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये ऐकू आला.

"माशावाले साहेब."

"काहून?"

दुर्वाने फोन गौरांगच्या हातात ठेवला. "तुम्हीच सांगा काहून."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि बँकेत मोठ्या साहेबांसमोर उभं राहावं तसा ताठ उभा राहिला.

"काकू, मी गौरांग. मला... मला दुर्वाशी लग्न करायचं आहे. तिची हरकत नाही. तुमची आणि काकांची परवानगी हवी."

पलीकडे कढईतली फोडणी चरचरली. मग कुणीतरी जोराने खोकलं, कुमुदताई त्यांना "तुम्ही थांबा जी" म्हणाल्या, आणि फोनवर परत आल्या.

"तिखट चालते का तुम्हाला? आमच्याकडे वऱ्हाडी रस्सा असते."

गौरांगने दुर्वाकडे पाहिलं. ती हसत जोरजोरात मान हलवून नको म्हणत होती.

"चालतं, काकू," तो म्हणाला.