तू आत गेलीस की टिंग टिंग

ऐक ना. मध्ये काही विचारू नकोस, आधी फक्त ऐक.

तुला माहितीये, मावशीला आता छापील अक्षर दिसत नाही. तिच्या त्या जुन्या ई-रीडरवर बोटाएवढी अक्षरं करून ती वाचते. तर ज्या ऑनलाइन दुकानातून ती पुस्तकं घेते, त्यांचा मेल आला. महिना संपला की विकत घेतलेली पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय बंद. आणि तिच्या ई-रीडरवर पुस्तक जातं ते फक्त कॉम्प्युटरवरून, वायर लावून, आणि एका वेळी मावतात एक-दोनच. म्हणजे आत्ता काढून ठेवली नाहीत तर मावशीचं वाचनच बंद. पुस्तकं शेकड्यांनी, आणि प्रत्येकाला चार-चार क्लिक.

मी आपली बसले क्लिक करत. आणि माऊसनं जीव सोडला.

दुरुस्तीच्या दुकानात गेले, तर माझ्या पुढे एक जण कीबोर्ड घेऊन उभा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि... असू दे, ते नंतर. दुकानदारानं माझा माऊस उलटासुलटा करून विचारलं, काय केलंत हो याचं? मी सगळी कहाणी सांगितली. तर हा वळून माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी विहीर चमच्यानं उपसत होते.

"हातानं? एकेक?"

"मग काय पायानं?"

हसला. अगं, खळी पडते त्याला. एकाच गालावर. दुसरा गाल मख्ख.

तो सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर लोकांनी बनवलेली बटणं दाबायची आणि काय मोडतं ते बघायचं, यासाठी त्याला पगार मिळतो. तिथेच काउंटरला टेकून त्यानं मला समजावलं, की ब्राउझरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट टाकायची. ती आपल्या यादीतलं एक पुस्तक धरते, तेच चार क्लिक करते, जरा थांबते, मग पुढचं धरते. थांबायचं कशाला, तर फार घाई दिसली की पुस्तकांच्या दुकानाला संशय येतो आणि ते बाहेर काढतं. पुस्तकं आपलीच, पैसे भरून घेतलेली, तरी चोरपावलांनी न्यायची.

मग तो रोज संध्याकाळी मावशीकडे यायला लागला. मावशी खिडकीपाशी खुर्चीत डोळे मिटून, आम्ही दोघं टेबलाशी, मध्ये लॅपटॉप. पुस्तक उतरलं की टिंग वाजायचं. दोन टिंगांच्या मध्ये आम्ही बोलायचो... आणि ते अंतर बरंच असायचं. त्यानं विचारलं, तुझी पुस्तकं किती? मी म्हटलं, एक, याच दुकानातलं. घरच्या घरी गिटार शिका. अजून उघडलेलं नाही. गिटार आहे का, तर तेही नाही. यावर तो इतका वेळ हसला, की मीच त्याला पाणी आणून दिलं. दुसऱ्या संध्याकाळी माझ्या तोंडून 'अहो'चं 'अरे' झालं. मावशी उगीचच खोकली.

मग आला शेवटचा दिवस. मी चहा टाकायला उठले, तर मावशी खुर्चीतून म्हणाली, "अगं, एक विचारू? तू आत गेलीस की टिंग टिंग टिंग, भराभर येतात. तू येऊन बसलीस की एकेका टिंगला युग लागतं. तुझा धाक आहे का त्या लॅपटॉपला?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान... अगं, लालबुंद.

"थांबायचा वेळ मला कमी-जास्त करता येतो," तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "इतकं थांबायची गरज नाही हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण भराभर संपलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

मी विरघळणार, इतक्यात स्क्रीनवर आलं, पुन्हा लॉग इन करा. शेवटचा दिवस ना, सगळं जग त्या दुकानात घुसलेलं. स्क्रिप्ट पडली. यादीत नवीन पुस्तकं आधी, जुनी शेवटी. म्हणजे राहिली होती ती अगदी पहिली, मावशीची नजर अधू व्हायला लागली तेव्हा काकांनी तिला घेऊन दिलेली. काका गेल्यापासून ती तीच पुन्हापुन्हा वाचते.

मावशीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"ही राहिली," मी हळूच म्हटलं, "तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही."

"मीसुद्धा नाही बोलणार माझ्याशी."

मग स्क्रिप्ट गेली खड्ड्यात. त्यानं त्याचा लॅपटॉप उघडला, मी माझा, आणि दोघं हातानं. एकेक. पान अर्धं यायचं आणि अडकायचं. मावशीच्या फोनवर कोड यायचा, मी वाचून दाखवायचे, तो टाकायचा, तोवर दुकान परत बाहेर काढायचं. त्याच्या कपाळावर घाम, माझं बोट बधिर. एक टिंग. बऱ्याच वेळानं दुसरं. बाहेर दिवे लागले तेव्हा शेवटचं वाजलं... आणि मावशीनं खुर्चीचा हात सोडला.

"आता चहा टाका," ती म्हणाली. "दोघंही आत जा."

स्वयंपाकघरात तो ओट्याला टेकून उभा. म्हणाला, चूक झाली, उद्यापासून येत नाही. आणि मग, एकदम हळू, "मला रोज वाटायचं, अजून एकच टिंग होईपर्यंत बसावं तुझ्यापाशी. मग अजून एक."

चहा उतू गेला. आम्ही दोघांनी बघितला, कुणीच गॅस बंद केला नाही.

मी रागावलेच होते गं. खरंच रागावले होते. काकांची पुस्तकं जाता जाता राहिली. पण तो निघाला, आणि दारापर्यंत पोचायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "माझं एक राहिलंय."

तो थांबला. "गिटारचं?"

"हं. एकाला किती वेळ लागतो?"

खळी. त्याच गालावर. "तू सांगशील तेवढा."

मी म्हटलं, मग सगळ्यात सावकाश लाव.

आता बोल. तू काय केलं असतंस?