नावेतलं पाणी

२०१८ सालच्या हिवाळ्यात नळगंगा धरणावर पांढरे कुरव उतरले. समुद्रकाठी हिवाळा काढणारं हे पाखरू. पण वाट वाकडी करून बुलढाण्याकडं आलं, आणि धामणगाव बढ्याच्या मंजुश्रीच्या हातातलं गरम भजं उचलून उडालं. बोट वाचलं, तेवढंच.

शाळेतल्या बाकीच्या शिक्षिकांबरोबर ती सहलीला आली होती. नाववाला धम्मदीप पोट धरून हसला.

"हसता काऊन? तुमचं पाखरू हाय काय?"

"माहं कुठलं, मॅडम? समुद्रावरचं हाय. तिकडं भजे भेटत नाहीत, म्हणून इतक्या दूर आलं बिचारं."

"मग माहं भजं कोण भरून देईन?"

"रविवारी या ना... मी आणतो."

रविवारी त्यानं खरंच आणली. तेलानं भिजलेल्या कागदात, शर्टाआड धरून. मग एका रविवारला दुसरा जोडत गेला. धम्मदीपच्या आजाचं शेत धरणात गेलं, तेव्हापासून त्या घरात नांगराच्या जागी वल्हं आलं होतं. पाखरं बघायला येणाऱ्यांना तो नावेतून फिरवायचा. मंजुश्री पुढच्या फळीवर बसायची. "मॅडम, उजवीकडं पाहा," तो म्हणायचा, आणि ती... मागं वळून त्यालाच पाहायची.

संक्रांतीच्या सुमारास धरणावरची पाखरं पाहायला सुचिता आली. मालवणहून खोल समुद्रात बोट नेऊन लोकांना समुद्रपक्षी दाखवणं, हा तिचा व्यवसाय. गळ्यात दुर्बीण आणि हसणं खळखळून. "मॅडम, तुमी पुढं बसा," म्हणत धम्मदीपनं पुढची फळी तिला दिली.

"मंजू, तू मांगं ये माह्याजवळ," धम्मदीप म्हणाला आणि मंजुश्रीच्या हातात पत्र्याचा डबा दिला. "फटीतून पाणी येऊन राह्यलं. उपसत राय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालपर्यंत मॅडम आपण होतो! आज मॅडम ती, आणि आपण नुसती मंजू – वर हातात डबा!

"धम्मदीप, तुझ्यासारखी नजर समुद्रावर हवी," पुढून सुचिता म्हणाली. "किनारा दिसेनासा झाला ना, की पाण्याला पंख टेकवत पाखरं येतात... मधेच डॉल्फिनची पाठ चमकते. चल मालवणला. एक बोट तुझ्याकडेच देते."

"खरंच, मॅडम?"

त्याचे डोळे लकाकले. ती लकाकी मंजुश्रीला सुईसारखी टोचली. गेला हा... समुद्राकडं आणि हिच्याकडं! तिनं डब्यातलं पाणी असं भिरकावलं, की अर्धं सुचिताच्या पाठीवर.

"अगं, दमलीस वाटतं!" सुचिता हसली. "दे इकडे, मी उपसते."

धम्मदीपनं वल्हं सोडून डबा मधेच धरला.

"नाही, मॅडम. पाहुण्याले आमी पाणी उपसू देत नाही. आजीनं उपसलं, मायनं उपसलं... हे घरच्या माणसाचं काम हाय."

नाव जागच्या जागी डुलत राहिली.

"कोणाच्या घरचं माणूस?" मंजुश्रीनं पाण्याकडं पाहत विचारलं.

"तू हो म्हणशीन, तर... माह्या."

"अन् समुद्र?"

"पाहाचा हाय मले. पण तुह्यासंगं."

"हातात डबा देऊन इचारते काय कोणी?"

"मले दुसरी रीत येत नाही वं..."

सुचितानं घाईघाईनं दुर्बीण डोळ्यांना लावली. तिकडं एकही पाखरू नव्हतं.

"हाव," मंजुश्री म्हणाली – इतकं हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

वैशाखात विहारात त्यांचं लग्न लागलं. दिवाळीच्या सुट्टीत दोघं मालवणला गेली. मंजुश्रीला बोट लागली, डॉल्फिन आले तेव्हा ती डोळे मिटून नवऱ्याच्या खांद्यावर पडलेली होती. धम्मदीप आता चार महिने समुद्रावर असतो, बाकी धरणावर. सुचितानं रत्नागिरीच्या एका डॉक्टरशी लग्न केलं, तिला एक मुलगी आहे. हंगामाआधी तिचा फोन येतो. धम्मदीप ओट्यावर बसून हसत बोलतो, आणि तेवढा वेळ घरात मंजुश्री भांडी जरा जास्तच जोरात घासते.