सैल ठेवलेला पट्टा

वाशिमच्या बसस्टँडसमोर बाबांच्या जुन्या अँबेसेडरचा फॅनचा पट्टा तुटला आणि समोरच्या गॅरेजमधून गोविंदा बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे, दात मात्र पांढरेशुभ्र. नवा पट्टा बसवताना मेला इंजिनाकडे कमी, माझ्याकडेच जास्त बघत होता!

“नवा पट्टा ताणून सैल होते,” तो बाबांना म्हणाला. “आठ दिसानं या, कसून देतो.”

बाबा अनसिंगहून टॅक्सी चालवायचे, मी सोबत टायपिंगच्या क्लासला यायचे. आठ दिवसांनी गेलो. मग पुन्हा... आणि पुन्हा. पट्टा कुईकुई करायचाच. बाबा चहाला गेले की आम्ही बोलत बसायचो.

एकदा त्यानं मासिकातलं चित्र दाखवलं. “पाह्य, अमेरिकेत नवा पट्टा निघाला. एकच लांब, नागमोडी. स्प्रिंग त्याले आपोआप ताणून ठेवते.”

“मंग तोच बरा!”

“काय बरा? स्प्रिंग बिघडली त गाडी जाग्यावर. आपल्या जुन्या गाडीले हाच भला, हातानं कसता येते. अन्...” तो खाली बघत म्हणाला, “सैलच नाही झाला त तू कायले येशील?”

घरी पोचेपर्यंत माझे गाल गरम होते. मी बाबांना सरळ सांगून टाकलं, लग्न करीन तर गोविंदाशीच.

“अकोल्याच्या कचेरीत टायपिस्ट हो, मंग कर त्याच्याशी,” बाबा म्हणाले. “नाही त आत्याचा भिवाजी हाये.” बाबा शब्दाचे पक्के.

कचेरीच्या भरतीची परीक्षा एकदाच होती, अकोल्याला. तिचं मी गोविंदाला सांगितलं नाही. नोकरी लागली की सांगू, त्याचा चेहरा बघू...

परीक्षेच्या सकाळी पातूरच्या घाटात गाडी उकळली. पट्टा नुसता घसरत होता. इंजिन निवेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. अकोल्याला पोचलो, तेव्हा परीक्षेचं दार बंद झालं होतं.

परतताना गॅरेजवर थांबलो. बाबा चहाला गेले. मी सगळं सांगितलं, तसा गोविंदा मटकन खाली बसला.

“अंजना... मीच सैल ठेवत होतो. दर खेपेले. तू यावी म्हणून. तू मले लय आवडते—”

किती वाट पाहिली होती मी हे ऐकायची! त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि गळ्यात पडून रडावंसंही.

“नुसतं ये म्हटलं असतं,” मी म्हणाले, “त मी पायी आली असती.”

तो उठला. पाना घेऊन त्यानं पट्टा कसला, पहिल्यांदाच पुरता. “आता यायचं काम नाही,” एवढंच म्हणाला.

मे महिन्यात त्याच गाडीतून मी भिवाजीच्या घरी, किन्हीराजाला गेले. वाटेत पट्टा एकदाही वाजला नाही.